पडणाऱ्या चेंडूचे त्वरण: हवेचा रोध धरून करायचे गणित

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. जुळे सोलापुरातील इमारतीच्या गच्चीवरून, १० मीटर उंचीवरून, आपण एक सीझन बॉल आणि एक टेबल टेनिसचा चेंडू अलगद सोडला आणि मोबाइलवर दोन्हींचे चित्रीकरण केले. सीझन बॉल सुमारे १.४५ सेकंदांत खाली आला, तर टेबल टेनिसच्या चेंडूला सुमारे १.७ सेकंद लागले. ‘अंतर म्हणजे अर्धे त्वरण गुणिले वेळेचा वर्ग’ या शाळेतील सूत्रात हे आकडे घातल्यावर हलक्या चेंडूचे त्वरण ६.९ मीटर प्रति सेकंद वर्ग आले. हेच त्याचे त्वरण मानावे का, आणि हवेचा रोध धरून त्वरण काढायचे सूत्र कोणते, हे आपल्याला विज्ञान प्रदर्शनासाठी हवे आहे.

आपले मोजमाप चांगले आहे, परंतु ६.९ हा आकडा चेंडूचे त्वरण म्हणून तक्त्यावर लिहू नये. ज्या सूत्रातून तो आला, ते सूत्र त्वरण आरंभापासून अखेरपर्यंत बदलत नाही असे गृहीत धरूनच मांडलेले असते आणि टेबल टेनिसच्या चेंडूच्या बाबतीत नेमके तेच गृहीत कोसळते. हा चेंडू सुटतो तेव्हा त्याचे त्वरण जवळजवळ पूर्ण गुरुत्व त्वरणाएवढे असते आणि जमिनीला टेकताना ते १ मीटर प्रति सेकंद वर्गाच्याही किंचित खाली उतरलेले असते. त्यामुळे ‘त्वरण किती?’ या प्रश्नाला ‘कोणत्या वेगाला?’ किंवा ‘किती अंतर पडल्यावर?’ अशी जोड दिल्याशिवाय उत्तरच संभवत नाही.

पडणाऱ्या चेंडूवर मुख्यतः दोन बले असतात. खाली ओढणारे वजन बदलत नाही, आणि वर ढकलणारा हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत जातो. वर्ग कुठून येतो, हे विद्यार्थ्यांनी एकदा स्वतः समजून घेतलेले बरे. वेग दुप्पट झाला की चेंडू दर सेकंदाला दुप्पट हवा बाजूला सारतो आणि त्या प्रत्येक हिश्श्याला दुप्पट वेगही देतो, म्हणून हवेला दिलेला संवेग दर सेकंदाला चौपट होतो. सूत्ररूपाने, हवेची घनता घ, चेंडूच्या काटछेदाचे क्षेत्रफळ क्ष, रोध गुणांक (वस्तूच्या आकारामुळे हवा किती अडवते हे सांगणारी संख्या) र आणि वेग व असेल, तर

रोध = ½ × घ × र × क्ष × व²

वजनातून हा रोध वजा करून वस्तुमानाने भागले की त्वरण मिळते. मात्र प्रत्येक वेळी चार-पाच राशी हाताळत बसण्यापेक्षा एक युक्ती मी विद्यार्थ्यांना आधी शिकवतो: प्रथम टर्मिनल व्हेलॉसिटी, म्हणजेच अंत्य वेग काढून घ्यावा. ज्या वेगाला रोध वजनाएवढा होतो आणि त्वरण शून्य होते, तो हा वेग. वस्तुमान म, गुरुत्व त्वरण ग आणि अंत्य वेग अ असे लिहिले, तर

अ² = (२ × म × ग) ÷ (घ × र × क्ष)

आणि त्वरण त साठी सगळे समीकरण एवढेच उरते:

त = ग × (१ − व²/अ²)

आपण विचारलेले सूत्र ते हेच. चेंडूचा आकार, वजन, हवा, हंगाम या सगळ्यांचा हिशेब ‘अ’ या एकाच संख्येत सामावलेला असल्यामुळे ती संख्या काळजीने काढणे, हेच खरे काम आहे.

त्यासाठी प्रथम हवेची घनता लागते आणि येथे एक चूक फार सर्रास होते. पुस्तकातील १.२२५ किलोग्रॅम प्रति घनमीटर हा आकडा समुद्रसपाटीचा आणि १५ अंश सेल्सिअसचा आहे. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४६० मीटर उंचावर आहे आणि इथली मे महिन्यातली दुपार ४२ अंशांची असू शकते. घनता = हवेचा दाब ÷ (२८७ × केल्व्हिनमधील तापमान), इथे २८७ हा कोरड्या हवेचा वायू स्थिरांक आहे. दाब ९५५ हेक्टोपास्कल, म्हणजे ९५,५०० पास्कल, आणि तापमान ३१५ केल्व्हिन धरले, तर घनता सुमारे १.०६ येते. डिसेंबरातल्या १५ अंशांच्या पहाटे तीच १.१६ च्या आसपास जाते. हवामानाच्या अ‍ॅपवर दिसणारा हजाराच्या वरचा दाब या गणितात घालू नये, कारण तो समुद्रसपाटीला आणून दाखवलेला असतो. गच्चीवरचा प्रत्यक्ष दाब त्याहून सुमारे ५ टक्के कमी असतो आणि ज्या मोबाइलमध्ये दाबमापक आहे, तो थेट तोच दाखवतो. गुरुत्व त्वरण सोलापूरच्या अक्षांशाला आणि उंचीला ९.७८ धरावे. ते ९.८१ धरल्याने आपल्या प्रयोगात दिसेल असा फरक पडणार नाही, परंतु बरोबर आकडा हाताशी असताना चुकीचा का वापरावा!

टेबल टेनिसच्या चेंडूचे वस्तुमान २.७ ग्रॅम आणि व्यास ४० मिलिमीटर हे नियमानेच ठरलेले असल्यामुळे हा चेंडू या प्रयोगाला सोन्यासारखा आहे. काटछेदाचे क्षेत्रफळ ०.००१२५७ चौरस मीटर येते. रोध गुणांक ०.४७ घेऊन आणि उन्हाळ्यातील दुपारची घनता धरून अ² सुमारे ८४ आणि अंत्य वेग सुमारे ९.२ मीटर प्रति सेकंद मिळतो. तीनमजली इमारतीच्या उंचीत हा वेग जवळजवळ गाठला जातो, म्हणूनच आपल्याला एवढा ठळक फरक दिसला.

आता त्वरण वेळेनुसार काढावे की अंतरानुसार, हा प्रश्न येतो. बहुतेक पुस्तके वेळेच्या वाटेने जातात, आणि मला ती वाट विद्यार्थ्यांसाठी अनावश्यक कठीण वाटते. अंतराच्या वाटेने गेल्यास व² ही एकच राशी मानता येते. अंतराबरोबर व² ज्या दराने वाढतो तो दर त्वरणाच्या दुप्पट असतो, आणि त्वरण स्वतः व² वर सरळ रेषेत अवलंबून असते. अशा राशीचे उत्तर घातांकी घटच असते. पडलेले अंतर उ असेल, तर

त = ग × ई^(−२ग × उ/अ²)

इथे ई ही सुमारे २.७१८ एवढी गणितातील ठरावीक संख्या आहे. म्हणजे अंतराच्या समान टप्प्यांत त्वरण समान पटीने घटत जाते. आपल्या चेंडूसाठी आकडे घातले तर त्वरण निम्मे होण्यासाठी लागणारे अंतर जवळजवळ ३ मीटर येते, आणि इमारतीचा एक मजलाही साधारण तेवढाच असतो. गच्चीवरून सुटताना ९.७८, एक मजला खाली ४.९, दोन मजले खाली २.४, तीन मजले खाली १.२, आणि दहाव्या मीटरला जमिनीशी ०.९६. प्रदर्शनाच्या तक्त्यावर इमारतीचे चित्र काढून प्रत्येक मजल्यापुढे हे आकडे लिहिल्यास सूत्र न समजणाऱ्या पालकांनाही गोष्ट कळेल.

वेळेनुसार हवे असेल तर वेग म्हणजे अंत्य वेग गुणिले (ग × वेळ ÷ अ) या संख्येचा हायपरबोलिक टॅन्जंट. कॅल्क्युलेटरवर किंवा एक्सेलमध्ये ते फंक्शन तयार मिळते. त्यावरून अर्ध्या सेकंदाला वेग ४.४८ आणि त्वरण ७.४६, एक सेकंदाला ७.२३ आणि ३.७, दीड सेकंदाला ८.४६ आणि १.५ असे आकडे येतात. दहा मीटर पडायला एकूण १.७१ सेकंद लागतात. हवा नसती तर १.४३ सेकंद लागले असते. आपले १.७ हे निरीक्षण सिद्धांताशी उत्तम जुळते.

आता ६.९ या आकड्याकडे वळू. जमिनीला टेकताना चेंडूचा वेग ८.७ असतो. तो १.७ सेकंदांनी भागला तर सरासरी त्वरण ५.१ येते, आणि व्याख्येप्रमाणे सरासरी त्वरण तेच. आपल्या सूत्राने आलेले ६.९ हीदेखील एक प्रकारची सरासरीच आहे, परंतु तीत सुरुवातीच्या क्षणांतील त्वरणाला जास्त वजन मिळते, कारण आधी मिळवलेला वेग पुढच्या सगळ्या प्रवासात अंतर वाढवत राहतो आणि शेवटी मिळवलेल्या वेगाला तेवढी संधीच नसते. जमिनीशी असलेले प्रत्यक्ष त्वरण ०.९६ आहे. एकाच पडण्यासाठी ६.९, ५.१ आणि ०.९६ असे तीन आकडे निघतात आणि तिन्ही आपापल्या अर्थाने बरोबर आहेत. त्वरण स्थिर असते तर तिन्ही एकच आले असते. परीक्षक हुशार असतील तर नेमका हाच प्रश्न विचारतील.

सीझन बॉलचे वस्तुमान सुमारे १६० ग्रॅम आणि व्यास ७.२ सेंटिमीटर. रोध गुणांक ०.५ धरून त्याचा अंत्य वेग सुमारे ३८ मीटर प्रति सेकंद येतो आणि त्वरण निम्मे व्हायला ५१ मीटर पडावे लागते. दहा मीटरला त्याचे त्वरण ८.५ च्या आसपास असते, म्हणजे ते तेरा टक्क्यांनी घटलेले असते, तरीही पडण्याचा वेळ १.४३ वरून केवळ १.४५ होतो. पुष्कळ जण या विसंगतीने गोंधळतात. रोध मुख्यतः अखेरीस लागू होतो आणि तेव्हा चेंडू वेगात असल्यामुळे उरलेले अंतर क्षणात संपते. म्हणून वेळेच्या मोजमापात त्याचा परिणाम लपून जातो. साधा मोबाइल सेकंदाला ३० चौकटी (फ्रेम) टिपतो, म्हणजे दोन चौकटींत ०.०३३ सेकंदांचे अंतर पडते, आणि आपल्याला शोधायचा फरक त्याच्या निम्माच आहे. सीझन बॉलवर हवेचा परिणाम ‘होत नाही’ असे म्हणू नये. सेकंदाला २४० चौकटींचे स्लो मोशन वापरले की तो दिसू लागेल.

हलकी आणि जड वस्तू उंचावरून सोडून पाहण्याचा हा प्रयोग न्यूटन यांनी १७१० मध्ये लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये करवून घेतला होता. २२० फुटांवरून काचेचे गोल सोडले गेले, काही पाऱ्याने भरलेले, तर काही नुसत्या हवेचे. पाऱ्याचे गोल सुमारे चार सेकंदांत आले, हवेच्या गोलांना आठ सेकंदांच्या आसपास लागले. हवेचा रोध वेगाच्या वर्गाबरोबर वाढतो, याची पडताळणी अशा आकड्यांवरून करता आली.

रोध गुणांकाबद्दल थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण संपूर्ण गणितातील सर्वांत कच्चा दुवा तोच आहे. ०.४७ हा गोलासाठी वापरला जाणारा रूढ आकडा आहे, पण तो स्थिरांक नव्हे. रेनॉल्ड्स अंक, म्हणजे वेग गुणिले व्यास भागिले हवेची शुद्धगतिक श्यानता (हवेचा चिकटपणा भागिले तिची घनता), साधारण एक हजारापासून दोन लाखांपर्यंत असेल तर गुळगुळीत गोलाचा गुणांक ०.४ ते ०.५ च्या दरम्यान राहतो. टेबल टेनिसचा चेंडू अंत्य वेगाजवळ २० हजारांवर आणि आपला सीझन बॉल जमिनीशी ५५ हजारांवर असतो, त्यामुळे दोघेही सुरक्षित पट्ट्यात आहेत. दोन लाखांच्या पुढे गुळगुळीत गोलाभोवतीचा प्रवाह बदलतो आणि गुणांक एकाएकी निम्म्याहून खाली घसरतो. सीझन बॉलची शिवण आणि खरखरीत बाजू ही घसरण आणखी आधी घडवू शकते, म्हणून वेगवान गोलंदाजाच्या चेंडूला ०.५ हा आकडा डोळे झाकून लावू नये.

याच्या उलट टोकाला, रेनॉल्ड्स अंक एकाहून बराच कमी असताना, वर्गाचा नियमच लागू होत नाही. तिथे रोध वेगाच्या सरळ प्रमाणात असतो आणि अकरावी-बारावीत शिकवला जाणारा स्टोक्सचा नियम चालतो. विद्यार्थी तो नियम चेंडूला लावतात आणि हजारो मीटर प्रति सेकंदाचे अंत्य वेग काढून दाखवतात. श्यानता हवेची आणि आकार चेंडूचा घातल्यावर दुसरे काय येणार! स्टोक्सचा नियम ढगातल्या थेंबांसाठी आहे. १० मायक्रॉन त्रिज्येच्या थेंबाचा अंत्य वेग सेकंदाला जेमतेम १.२ सेंटिमीटर येतो. याच्या उलट २ मिलिमीटर व्यासाचा पावसाचा थेंब सुमारे ६.५ मीटर आणि ५ मिलिमीटरचा सुमारे ९ मीटर प्रति सेकंद वेगाने जमिनीवर येतो. एक किलोमीटरवरून निघालेला थेंब हवा नसती तर १४० मीटर प्रति सेकंद वेगाने डोक्यावर आदळला असता. प्रत्यक्षात पडण्याच्या पहिल्या काही मीटरनंतर त्याचे त्वरण शून्याच्या जवळ पोहोचलेले असते.

सोलापूरकरांना हा भाग पुस्तकी वाटू नये. आपला जिल्हा पर्जन्यछायेत येतो आणि पुण्याच्या आयआयटीएम (भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था) या संस्थेने २०१८ व २०१९ च्या पावसाळ्यांत मेघबीजनाचे, म्हणजे ढगांत कण फवारून पाऊस पाडण्याचे, प्रयोग याच परिसरातील ढगांवर केले. लहान थेंबांचा अंत्य वेग त्रिज्येच्या वर्गाबरोबर वाढतो, म्हणजे दुप्पट त्रिज्येचा थेंब चौपट वेगाने खाली येतो आणि वाटेतल्या सावकाश थेंबांना गिळत मोठा होतो. सगळे थेंब सारख्याच आकाराचे राहिले तर ते एकमेकांना गाठत नाहीत आणि ढग न बरसता निघून जातो. जलाकर्षक कणांची फवारणी करण्यामागे थोडे मोठे थेंब निर्माण करण्याचा हेतू असतो. यंत्रमागाच्या शेडमध्ये उन्हाच्या तिरिपेत तरंगणारे सुताचे तंतूही याच गणिताचे. त्यांचे त्वरण सुटल्याबरोबर संपते आणि उरतो तो संथ, स्थिर वेग.

आता एक सूक्ष्म दुरुस्ती, जी बहुतेक उत्तरांत गाळली जाते. टेबल टेनिसच्या चेंडूने बाजूला सारलेल्या हवेचे वस्तुमान सुमारे ०.०३६ ग्रॅम, म्हणजे चेंडूच्या १.३ टक्के असते. तेवढे प्लावक बल वर लागते. शिवाय चेंडूला गती घेताना भोवतालची थोडी हवाही गतिमान करावी लागते आणि गोलासाठी हे जास्तीचे वस्तुमान सारलेल्या हवेच्या निम्मे येते. दोन्ही धरल्यास सुटण्याच्या क्षणीचे त्वरण ९.७८ नसून सुमारे ९.५९ असते आणि पडण्याचा वेळ ०.०१६ सेकंदांनी वाढतो. आपल्या मोबाइलला हे दिसणार नाही. परंतु फुगा सोडून प्रयोग करण्याचा विचार असेल तर ही दुरुस्ती वगळताच येणार नाही, कारण तिथे सारलेली हवा आणि फुग्याचे स्वतःचे वस्तुमान एकाच मापाचे असतात.

सूत्रातील कंसाचे चिन्ह उलटे होऊ शकते, हेही लक्षात असू द्यावे. वेग अंत्य वेगाहून जास्त असेल तर त्वरण वरच्या दिशेला येते आणि वस्तू पडतापडता मंदावते. ऑस्ट्रियाचे स्कायडायव्हर फेलिक्स बॉमगार्टनर यांनी १४ ऑक्टोबर २०१२ रोजी सुमारे ३९ किलोमीटर उंचीवरून उडी घेतली तेव्हा विरळ हवेत त्यांचा वेग ताशी १,३५७ किलोमीटरपर्यंत गेला. खाली येता येता हवा दाट होत गेली, अंत्य वेग घटत गेला आणि पॅराशूट उघडण्याच्या आधीच ते मंदावू लागले होते. अशा ठिकाणी घनता स्थिर नसल्यामुळे वरची तयार सूत्रे चालत नाहीत.

तिथे, आणि वाऱ्यात तिरके फेकलेल्या चेंडूच्या बाबतीतही, एक्सेलमध्ये टप्प्याटप्प्याने गणित करावे. एका ओळीत वेग, त्यावरून त्वरण, त्वरण गुणिले छोटा कालावधी एवढी वेगातली वाढ, आणि पुढच्या ओळीत नवा वेग. ०.१ सेकंदाचा टप्पा घेतला तर आपल्या चेंडूचा अर्ध्या सेकंदाचा वेग ४.४८ ऐवजी ४.५८ येतो, म्हणजे दोन टक्क्यांची चूक होते, टप्पा ०.०१ केला की ती दशांश टक्क्यांवर येते. तिरक्या फेकीत आडवा आणि उभा वेग वेगवेगळे सोडवण्याची शाळेतली सवय मात्र सोडावी लागते, कारण रोध एकूण वेगाच्या वर्गावर ठरतो आणि दोन्ही दिशा एकमेकींत गुंततात.

आपल्या प्रदर्शनासाठी मी प्रयोग उलट्या दिशेने मांडला असता. रोध गुणांक पुस्तकातून न घेता, मोजलेल्या वेळेवरून अंत्य वेग आणि त्यावरून गुणांक काढावा. चित्रीकरण इमारतीपासून लांबून, निम्म्या उंचीवरून करावे, म्हणजे वरच्या आणि खालच्या टोकांचे अंतर तिरकस दिसत नाही. चेंडू दोन बोटांत धरून फिरकी न देता सोडावा, सकाळी वारा पडलेला असताना प्रयोग करावा आणि खाली कुणी उभे नाही ना, हे सीझन बॉलच्या वेळी विशेष पाहावे. हंगामाचा फरक दाखवायचा मोह होईल, परंतु मे आणि डिसेंबर यांतील घनतेच्या तफावतीने टेबल टेनिसच्या चेंडूचा वेळ सुमारे ०.०३ सेकंदच बदलतो. ३० चौकटींच्या चित्रीकरणात तो एका चौकटीत हरवेल, २४० चौकटींच्या चित्रीकरणात सहा-सात चौकटींचा दिसेल.